फळ्यावरची पिवळी नोटीस

१

वाचनालयाबाहेरच्या फळ्यावर अकरा कागद होते. नऊ पांढरे, दोन पिवळे. प्रत्येकाला चार टाचण्या, म्हणजे चव्वेचाळीस. त्यांतली एक वाकलेली. वर पत्र्याचं तोकडं छप्पर, मागे हिरवं कापड आणि तोंड पश्चिमेला. दुपार झाली की ऊन थेट कागदांवर.

पाणीवालीने हे सगळं आधी मोजलं आणि मगच मागे उभ्या असलेल्या गृहस्थांकडे लक्ष दिलं.

"झालं मोजून?" ते म्हणाले. "आता नुसतं बघा. लहान मूलसुद्धा सांगेल."

हे हरकतमास्तर. निवृत्त शिक्षक आणि रहिवासी संघाचे सचिव. नगरपालिकेने काहीही करायचं म्हटलं की यांची लेखी हरकत तयार, म्हणून हे नाव. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

लहान मुलाला दिसलं असतं ते असं. दोन्ही पिवळ्या कागदांवर नगरपालिकेचा शिक्का. एक नोटीस पाळीव कुत्र्यांच्या परवान्याची, ऊन खाऊन खाऊन सायीच्या रंगाची झालेली. दुसरी कचरा उचलण्याचे दर दीडपट करण्याची. ती लिंबासारखी पिवळीजर्द.

"दोन्ही एकाच दिवशी लावल्या म्हणे," मास्तर म्हणाले. "एकाच गठ्ठ्यातला कागद. एक विटला आणि दुसरा काय सावलीत बसला होता? मी रोज सकाळी इथे पेपर वाचायला येतो. काल सकाळी ही नोटीस नव्हती, दुपारी होती. काल लावली आणि महिन्याभरापूर्वीची तारीख टाकली. सरळ आहे."

नियमही सरळ होता. दर वाढवायचे तर नोटीस प्रत्येक प्रभागाच्या फळ्यावर सलग तीस दिवस, कुणालाही वाचता येईल अशी हवी. त्यानंतर सुनावणी. सुनावणी आज दुपारी चार वाजता होती. सकाळी मास्तरांची हरकत पोचली आणि नोटिसा लावणाऱ्या बाई तासाभरात निलंबित झाल्या. सुनावणीचे अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते. 'या खात्याचा माणूस नको, दुसरा कुणीतरी द्या,' असा त्यांनी आग्रह धरला, आणि शहराचं पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेतल्या सगळ्यांत तरुण मुलीच्या गळ्यात हे काम पडलं. नगरपालिकेत तिला सगळे पाणीवालीच म्हणत.

ती पट्टी मागायला आत गेली. टेबलामागे ग्रंथपाल बाई एका छोट्या शब्दकोशाला पांढऱ्या कागदाचं कव्हर घालत होत्या. बोटं सराईत, घड्या धारदार.

"पट्टी घ्या, पण जागेवर आणून ठेवा," त्या म्हणाल्या. "आणि फळ्याला नवं भोक पाडू नका हं. तीन वर्षं अर्ज केले तेव्हा तो मिळालाय. मी स्वतः कधी नवं भोक पाडत नाही."

"कागद छान जाड आहे."

"जुनाच आहे. कोरी बाजू वर घ्यायची. इथे कागद वाया जात नाही."

"काल सकाळी त्या नोटिशीच्या जागी काय होतं?"

बोटं क्षणभर थांबली. "काही नाही. जागा रिकामीच होती. माझं काही तिकडे लक्ष नसतं, तसं मी सकाळी नगरपालिकेतल्या साहेबांनाही सांगितलंय."

पाणीवाली बाहेर आली. टाचण्यांमधली अंतरं तिने घेतली: आडवं अठरा सेंटिमीटर सहा मिलिमीटर, उभं सत्तावीस सेंटिमीटर तीन मिलिमीटर. मग चिमट्याने पहिली टाचणी ओढली. ती सहज येईना. करकरत आली.

दांडी तांबूस होती. नोटिशीला पडलेल्या भोकाची कडाही तांबूस होती.

काल लावलेल्या टाचणीला गंज कधी चढला?

२

नोटिसा लावणाऱ्या टाचणीताई नगरपालिकेच्या कार्यालयात बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. हा बाक तक्रार घेऊन येणाऱ्यांचा. इतकी वर्षं त्या आत बसून त्या बाकाकडे बघायच्या. ड्रॉवरची किल्ली सकाळीच काढून घेतली होती, त्यामुळे हातांना काम नव्हतं आणि त्या पदराशी चाळा करत होत्या.

"तू पाणीवाली ना? बस. चहा सांगितला असता, पण आता माझा शब्द कोण ऐकणार?"

"ताई, नोटीस लावताना टाचण्या नव्या होत्या की जुन्या?"

"हे काय विचारणं झालं? नव्या! जुनी टाचणी मी लावतच नाही, कागदाला डाग पडतो. नावच माझं टाचणीताई पडलंय, आता टाचणीत तरी कसूर करीन का?" हसायचा प्रयत्न केला, तो अर्ध्यावर राहिला. "दोन्ही नोटिसा मी एका दमात लावल्या. आधी कुत्र्यांची, मग कचऱ्याची. बाकीच्या प्रभागांतही त्याच दिवशी. जाऊन बघ, तिथल्या कशा विटल्यात."

"बघितल्या. तुम्ही लावताना इथे कुणी पाहिलं?"

"कुणी नाही. वन्सं असत्या तर त्यांनी पाहिलं असतं, पण त्या दिवशी त्या नेमक्या रजेवर."

"वन्सं कोण?"

"अगं, वाचनालयातल्या. आमच्या यांची बहीण. माझी नणंद." ताईंनी आवाज खाली आणला. "सकाळी साहेबांनी त्यांना फोन केला, मी समोरच होते. म्हटलं, वन्सं सांगतील दोन शब्द चांगले. तर म्हणाल्या, 'माझं लक्ष नव्हतं.' फळा खिडकीतून दिसतो गं त्यांना! रोज दिसतो. एवढं पण बोलवेना माझ्यासाठी?"

पाणीवालीने ते वहीत टिपून घेतलं.

"तीन वर्षं राहिलीत माझी. खोटी तारीख टाकली असं ठरलं तर बडतर्फ. मग निवृत्तिवेतन नाही, काही नाही. यांच्या पाठीचं दुखणं तुला माहीत नाही, दुकान बंद करून दोन वर्षं झाली. घर माझ्या टाचण्यांवर चाललंय." त्यांनी तिचा हात धरला. "पैशाचं एक वेळ जाऊ दे. पण आयुष्यभर लोकांच्या नोटिसा लावल्या, आणि उद्या माझीच नोटीस लागणार. नावासकट."

"ताई, मी जे सापडेल तेच सांगणार. तुमच्या बाजूचं नसलं तरी."

"तेच सांग," टाचणीताई म्हणाल्या. "मी लावलीय. मग सापडेल काय वेगळं?"

पाणीवालीच्या पिशवीत दोन पाकिटं होती. एकात कुत्र्यांची विटलेली नोटीस, दुसऱ्यात लिंबासारखी पिवळीजर्द कचऱ्याची. लिंबू काही केल्या खोटं बोलत नव्हतं. जो कागद महिनाभर पश्चिमेच्या उन्हात असतो, तो असा राहत नाही.

आणि जी टाचणी एका दिवसाची असते, ती अशी गंजत नाही.

दोघांपैकी एकाची साक्ष खोटी असायला हवी होती.

३

प्रयोगशाळेत तिने आधी टाचणीची साक्ष तपासली.

समजा, ताई खोटं बोलत आहेत. त्यांनी काल जुन्या, आधीच गंजलेल्या टाचण्या वापरल्या. मग भोकाची कड तांबूस दिसेल का? तिने कोपऱ्यातल्या डब्यातून गंजकी टाचणी काढली, कोऱ्या कागदात खुपसली, ओढली. कडेला तांबूस भुकटी लागली. फुंकर मारली, भुकटी उडाली. भोक स्वच्छ.

नोटिशीच्या भोकावर फुंकर मारली. काही उडालं नाही. भिंगाखाली धरलं तर डाग कागदाच्या धाग्यांत मुरलेला होता. चारही भोकं तशीच. असा डाग दमट हवेत आणि बऱ्याच दिवसांतच मुरतो. कुत्र्यांच्या नोटिशीची भोकं शेजारी ठेवली. फरक सापडेना.

म्हणजे कागद काल लागलेला नव्हता. ताई खरं बोलत होत्या.

"मग झालं तर!" दारातून आवाज आला.

कचरा उचलणाऱ्या ठेकेदाराचे व्यवस्थापक आत आले. इस्त्रीचा शर्ट, मऊ आवाज, हातात पाण्याची थंडगार बाटली. ती त्यांनी पाणीवालीसमोर ठेवली. पाणी तपासणाऱ्या माणसाला पाणी पाजणारा हा पहिलाच.

"माफ करा, दार उघडं होतं. तुम्ही पुटपुटत होतात. मला एवढंच सांगायचंय की आम्ही त्या बाईंच्या बाजूने आहोत. गरीब बाई. कागद तीस दिवस फळ्यावर होता, एवढं तुम्ही लिहून दिलंत की बाई सुटल्या."

"आणि दरवाढही सुटली."

"तो नियमाचा भाग." ते हसले. "बघा ना, नोटीस होती, तीस दिवसांत त्या प्रभागातून एकही हरकत नाही. याचा अर्थ लोकांना मान्य आहे. त्या मास्तरांनीच बाईंना अडकवलंय. एका हरकतीसाठी दुसऱ्याच्या पोटावर पाय! तुम्ही ठरवायचं, मॅडम. बाई की मास्तर."

ते गेले. बाटली तिने न उघडता खिडकीत ठेवली.

माणूस नकोसा वाटला तरी त्याचं म्हणणं चुकीचं ठरत नाही, एवढं शास्त्र ती शिकली होती. व्यवस्थापकाला दरवाढ हवी होती. नोटीस झाकली गेली तर त्याच्या पथ्यावर. मास्तरांना दरवाढ नको होती. नोटीस नसली तर त्यांच्या पथ्यावर. पण मास्तरांना ती नकोच होती, तर त्यांनी सरळ फाडून नेली असती. फळ्यावर परत कशाला येऊ देतील?

झाकली. हा शब्द तिच्या डोक्यात आपोआप आला आणि तिथेच ठाण मांडून बसला.

तिने दोन्ही नोटिसा दिव्याखाली शेजारी शेजारी ठेवल्या. भोकं सारखीच होती. पण कुत्र्यांच्या नोटिशीवर प्रत्येक भोकाभोवती एक तांबूस वर्तुळ होतं, टाचणीच्या डोक्याएवढं, जिथे डोकं महिनाभर कागदाला टेकलं होतं. कचऱ्याच्या नोटिशीवर एकही वर्तुळ नव्हतं.

टाचणीची दांडी या कागदातून महिनाभर गेलेली होती. तिचं डोकं मात्र कागदाला टेकलेलं नव्हतं. मध्ये काहीतरी होतं.

आणि मग तिला ते दिसलं, जे सकाळपासून डोळ्यासमोर होतं. नोटिशीच्या अगदी खालच्या कडेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक बारीक फिकट पट्टी. सायीच्या रंगाची. तिने मोजपट्टी लावली. चार मिलिमीटर. आणखी एकदा लावली. चार.

नोटीस महिनाभर फळ्यावर होती आणि महिनाभर अंधारात होती. फक्त चार मिलिमीटर उन्हात राहिली होती.

तीन वाजायला आले होते.

४

हरकतमास्तर वाचनालयाच्या पायरीवर, सुनावणीला निघायच्या तयारीत. काखेत कागदांचं भेंडोळं.

"मास्तर, एकच विचारते. काल सकाळी नोटीस नव्हती म्हणता. मग त्या जागी काय होतं?"

"काय म्हणजे? काहीतरी असणारच."

"जागा रिकामी होती?"

"रिकामी?" मास्तर हसले. "अहो, या फळ्यावर रिकामी जागा मी जन्मात पाहिली नाही. लग्नाच्या पंगतीसारखा गच्च असतो. तिथे कागद होता. जाड, रुंद. निळी अक्षरं. कसला ते विचारू नका. महिनाभर तोच कागद समोर असला की दिसायचा बंद होतो. बायकोचा नवा चष्मा मला आठवड्याने दिसला, घरात अजून ऐकून घेतोय."

"काल दुपारी तो नव्हता?"

बोलता बोलता मास्तर स्वतःच्याच वाक्यात अडकले होते. "नव्हता," ते सावकाश म्हणाले. "तिथे नोटीस होती. म्हणजे... अहो, म्हणजे कोणीतरी तो काढला?"

पाणीवाली फळ्याकडे वळली. सकाळी नोटीस काढल्यावर मागचं हिरवं कापड उघडं पडलं होतं. ते गडद होतं, नव्यासारखं. बाकी सगळीकडे उडालेलं. पण गडद भाग नोटिशीएवढाच नव्हता. तो डावीकडे आणि उजवीकडे प्रत्येकी सहा सेंटिमीटर पुढे गेला होता. जागा रिकामी असती तर कापड उडालं असतं. ग्रंथपाल बाईंनी रिकामी सांगितली होती.

नोटिशीच्या भोकांखेरीज त्या गडद भागात दुसरं एकही भोक नव्हतं. वरचा कागद त्याच चार टाचण्यांनी, त्याच चार भोकांत लावलेला. घाईत असलेला माणूस दिसेल तिथे टाचणी मारतो. फळ्याला नवं भोक पडू नये म्हणून जुनी भोकं शोधणारी माणसं या शहरात किती असतील?

ती आत गेली. "पट्टी परत द्यायला आले," म्हणाली.

ग्रंथपाल बाईंनी हात पुढे केला. समोर कव्हर घालून झालेल्या पुस्तकांची चळत होती. शब्दकोश सगळ्यांत वर. पाणीवालीने पट्टी दिली नाही. ती शब्दकोशाच्या कव्हरकडे बघत होती. कण्यापासून थोडं अलीकडे, पांढऱ्या कागदात, टाचणीएवढं भोक होतं. कड तांबूस.

"बाई, या कव्हरच्या आतल्या बाजूला काय छापलंय?"

"काय असणार? जुनी जाहिरात."

"निळ्या अक्षरांत?"

खोलीत वाचकांपैकी कुणीतरी पान उलटलं.

"आपल्या जुन्या पुस्तकांच्या विक्रीची," ग्रंथपाल बाई शेवटी म्हणाल्या. "मग? वाचनालयाने जाहिरात करू नये?"

"विक्री कधी झाली?"

"गेल्या रविवारी. दोनदा पुढे गेली. आधी हॉल मिळाला नाही, मग टेबलं." बाईंनी शब्दकोश उचलून छातीशी धरला. "तुम्ही काय म्हणताय ते मला कळत नाही. असे कागद छापखान्यातून शेकड्याने निघतात. आणि टाचण्यांची भोकं काय, सगळीकडे सारखीच."

"म्हणून तर मोजायचंय. पुस्तक द्या."

"हे वाचनालयाचं पुस्तक आहे." शब्द ठाम होते. "नोंद केल्याशिवाय दाराबाहेर जात नाही. अगदी आयुक्त आले तरी."

"मग माझ्या नावावर नोंदवा."

ग्रंथपाल बाई तिच्याकडे बघत राहिल्या. नाही म्हणायला जागा होती. पुस्तक संदर्भाचं आहे म्हणता आलं असतं, सदस्य नाही म्हणून अडवता आलं असतं. पण पाणीवालीने पिशवीतून सदस्याचं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. शाळेत असल्यापासूनचं होतं. त्याच टेबलावर, याच बाईंनी सही केलेलं.

ग्रंथपाल बाईंनी तारखेचा शिक्का उचलला. तो सरळ, चौकटीच्या आत उमटला.

"कव्हर फाडू नका," त्या म्हणाल्या. "घड्या उलगडतात."

"माहीत आहे."

"माझा करार या महिन्यात संपतोय." हे त्या पुस्तकाशीच बोलल्यासारख्या बोलल्या. "दरवर्षी नवा करतात. एक ठपका पुरतो."

पाणीवाली दारापर्यंत गेली, थांबली. "टाचणीताईंचं आज चार वाजता काय होणार, माहीत आहे ना तुम्हाला?"

मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

५

सभागृह खच्चून भरलं होतं. महिनाभर या प्रभागात कुणाला पत्ता नव्हता, पण सकाळी मास्तरांनी दारोदार सांगितलं होतं. पुढच्या रांगेत व्यवस्थापक, त्यांच्या मागे मास्तर. टाचणीताई कडेच्या खुर्चीवर, एकट्या. शेजारच्या दोन खुर्च्या रिकाम्या. निलंबित माणसाच्या बाजूला बसायला कुणी तयार नव्हतं.

अध्यक्षांनी चष्मा कपाळावर चढवला. "हं, पाणीवाल्या बाई. काय तपासलंत? पाणी की कागद?"

"कागद, सर." ती उभी राहिली. "नोटीस तीस दिवस फळ्यावर होती. टाचण्यांचा गंज भोकांत मुरलाय. तो एका दिवसात मुरत नाही."

सभागृहात खळबळ उडाली. टाचणीताईंनी डोळे मिटले. व्यवस्थापकांनी मान डोलावली, जणू हे त्यांनीच शोधून काढलं होतं.

"म्हणजे नोटीस वैध," ते म्हणाले. "पुढच्या विषयाकडे—"

"माझं संपलं नाही." तिने पाकिटातून नोटीस काढली. "टाचणीच्या डोक्यांचं वर्तुळ या कागदावर नाही. आणि सगळा कागद जसाच्या तसा पिवळा, फक्त खालची चार मिलिमीटर पट्टी विटलेली. याच्यावर दुसरा कागद होता, याच टाचण्यांनी लावलेला. तीस दिवस नोटीस होती, पण कुणाला वाचता येत नव्हती."

मास्तर ताडकन उठले. "तरी मी म्हणत होतो!"

"तुम्ही काल लावली म्हणत होतात," अध्यक्ष म्हणाले. "बसा."

मास्तर बसले. थोडा वेळ इकडेतिकडे बघून ते पुन्हा उठले, कडेच्या रांगेत गेले आणि टाचणीताईंच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसले. ताईंनी त्यांच्याकडे बघितलं नाही.

"हा तर्क आहे," व्यवस्थापक म्हणाले. आवाजातला मऊपणा गेला होता. "वरचा कागद कुठाय?"

पाणीवालीने शब्दकोश टेबलावर ठेवला. कव्हरच्या घड्या एकेक करून उलगडल्या. आतून निळी अक्षरं बाहेर आली: जुन्या पुस्तकांची भव्य विक्री. चार भोकं, आणि छापील बाजूला प्रत्येक भोकाभोवती तांबूस वर्तुळ.

"ही काय, वाटेल तिथली रद्दी!" व्यवस्थापक म्हणाले. "अशी वर्तुळं हजार कागदांवर निघतील."

"निघतील," अध्यक्ष म्हणाले. त्यांनी चष्मा नाकावर घेतला. "म्हणून आधी सांगून ठेवतो, नंतर कुणी म्हणायला नको. हा कागद या नोटिशीवर भोकाला भोक जुळवून ठेवायचा. जुळला आणि खाली तेवढीच पट्टी उघडी राहिली, तर बाईंचं निलंबन आत्ता, याच खोलीत रद्द. आणि जी नोटीस कुणाला वाचता आली नाही, ती नोटीस नव्हे; तीस दिवस पहिल्यापासून, दर तोवर जुनेच. जुळला नाही, तर बाईंची चौकशी पुढे चालेल आणि दरवाढीवर आज मत घेईन. मान्य?"

कुणी हरकत घेतली नाही. मास्तरांनीसुद्धा.

मागचं दार उघडलं. ग्रंथपाल बाई आत आल्या. वाचनालय बंद करून आल्या होत्या, किल्ल्या हातातच होत्या. उभ्या राहून त्या थेट कडेच्या खुर्चीकडे बघत होत्या.

"वहिनी," त्या म्हणाल्या. सगळ्या सभागृहाला ऐकू गेलं. "रजेवरून आले तर फळा भरलेला. म्हटलं, दोन पिवळ्या आहेत, एक दिसली तरी पुरे. तीनच दिवसांसाठी लावणार होते. मग विसरले. काल काढला तेव्हा खालची नोटीस वाचली, आणि सकाळी साहेबांचा फोन आला तेव्हा—"

"वन्सं," टाचणीताई म्हणाल्या. "मी साहेबांच्या समोरच उभी होते हो. तुम्ही फोनवर बोलत होतात, तेव्हा मी समोर उभी होते."

ग्रंथपाल बाईंच्या हातातल्या किल्ल्या खुळखुळल्या.

"आधी मोजू द्या," अध्यक्ष म्हणाले, पहिल्यांदाच हळू आवाजात. "बोलणं कुठे जात नाही."

पाणीवालीने नोटीस टेबलावर पालथ्या हाताने सपाट केली. जाहिरात वर ठेवली. अध्यक्षांनी स्वतः एकेक टाचणी दोन्ही कागदांतून सरळ खाली सोडली. पहिली गेली. दुसरी गेली. तिसरी. चौथीला त्यांनी क्षणभर थांबून हात पुसला, आणि तीही गेली.

टाचणीताई उभ्या राहिल्या होत्या. पाणीवालीने जाहिरातीच्या खालच्या कडेपासून नोटिशीच्या खालच्या कडेपर्यंत मोजपट्टी लावली, वाकून वाचली, डोळा सरळ वर आणून पुन्हा वाचली आणि मोठ्याने सांगितलं.

"चार मिलिमीटर."